किती देते?

महाड,
१४ नोव्हेंबर २०२४

इंधनशास्त्रविशारद, कोइमतूरनिवासी, पुतणेवर्य चि. ओजस यास काकाचे आशीर्वाद आणि पाठोपाठ एक तक्रार.

पोलादपूरच्या शाळेत निष्पाप बालकांच्या माथी संस्कृत मारणारा हा तुझा काका दसऱ्यापासून रोज दादांच्या गाडीने शाळेत जातो. होय, त्याच गाडीने. महाडच्या कारखान्यात यंत्रे बसवायला आलेला जर्मन अभियंता मायदेशी परतताना तुझ्या तीर्थरूपांच्या गळ्यात जी बांधून गेला ती. जिला दारे दोनच, जिचे इंजिन मागे आणि सामान पुढे, आणि जी पाण्याचा थेंबही न घेता केवळ वाऱ्याने थंड होते ती. वकिलीच्या सबंध कारकिर्दीत महाड ते पोलादपूर ती दादांनीच हाकली. तिच्या चक्राला परहस्ताचा स्पर्श झाला तर त्यांना तो विनयभंग वाटे. सांप्रत ते चक्र माझ्या हाती आहे. का, ते विचारू नकोस.

न विचारण्याचे कारण सांगतो. दादांनी मला आणि तुझ्या विनोदिनी काकूला शपथ घातली आहे की, त्यांच्या प्रकृतीविषयी तुला एक अक्षरही कळवायचे नाही, पत्राने नाही आणि दूरध्वनीनेही नाही. वकिली सोडली तरी वकील सुटत नाही. त्यामुळे पळवाटही बुजवली आहे: प्रत्येक पत्र टपालात पडण्यापूर्वी त्यांना वाचून दाखवायचे. हे पत्र ते या क्षणी ऐकत आहेत. मात्र गाडीच्या प्रकृतीविषयी शपथेत चकार शब्द नाही. सबब आजपासून मी तुला केवळ गाडीच्या प्रकृतीविषयी लिहीन. वाचणारा हुशार आहे, अशी माझी समजूत आहे.

रुग्णाचा वृत्तांत असा. वय झाले. सकाळी जाग यायला वेळ लागतो. डावी बाजू ओढत नाही. आवाजातली फेक गेली आहे. शब्द, क्षमा कर, स्फोट एकमेकांत मिसळतात. आणि आहाराच्या मानाने कार्य घटले आहे. दादांच्या हाती ती लिटरला नऊ किलोमीटर देत असे. माझ्या हाती सात.

पोलादपूरच्या अलीकडे पंपावर पांडू नामक तरुण पेट्रोल भरतो. आपल्या देशात वराला पगार आणि गाडीला 'किती देते' हे विचारणे शिष्टसंमत असल्याने त्यानेही विचारले, "मास्तर, किती देते वो?" मी म्हणालो, मनस्ताप विचारशील तर भरपूर. त्याने आकडाच हवा म्हटल्यावर मी सात म्हणालो. त्याने नळी हातात धरूनच गाडीकडे पाहिले आणि म्हणाला, "यवढ्यात म्हस पाळली असती मास्तर, दूध तरी दिलं असतं."

तू इंधन मोजण्याची नोकरी करतोस. तेव्हा निदान कर.

तुझा,
शरच्चंद्रकाका

ता. क. हे पत्र ऐकून दादांनी 'मनस्ताप' शब्दाला हरकत घेतली आहे. हरकत फेटाळली.


कोइमतूर,
२५ नोव्हेंबर २०२४

ती. काका,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, त्यातलं एकदा शब्दकोश घेऊन.

तुमची लक्षणं ऐकून बरं वाटलं, कारण सगळी एकाच रोगाकडे बोट दाखवतात. या इंजिनाच्या दोन बाजू आडव्या झोपलेल्या असतात, डावी आणि उजवी, आणि दोघींना वेगवेगळा कार्बोरेटर असतो. तुमचा डावा चोंदलाय. म्हणून डावी बाजू ओढत नाही, सकाळी उठायला त्रास होतो आणि आवाज बसतो. दोन्ही साफ करून घ्या. डावीउजवीत हवा सारखी जाते का ते बघा. टायरमधली हवा तपासा. चोक ओढलेला राहत नाही ना, तेही बघा. यात घाबरण्यासारखं काही नाही.

बाबांच्या शपथेचं मला नवल नाही. मोतीबिंदूच्या वेळीही त्यांनी तुम्हाला अशीच शपथ घातली होती. मी घाबरून रजा टाकून आलो, तर साहेब काळा चष्मा लावून अंगणात प्लग साफ करत बसले होते. मला म्हणाले, "तुला कोणी बोलावलं?" आता गुडघे धरले असतील, क्लच दाबवत नसेल आणि ते कबूल करायचं नसेल. म्हणून गाडी तुमच्याकडे.

काका, गेल्या वर्षी गणपतीत मी एवढंच म्हटलं होतं की, इंजिन बदलून नवं बसवू. तेव्हापासून ते माझ्याशी बोललेले नाहीत. मी फोन केले, ते उचलले नाहीत. या दिवाळीलाही मैथिली म्हणत होती, जाऊ या, आणि मीच नको म्हटलं. परत एकदा "तुला कोणी बोलावलं" ऐकायची माझी तयारी नाही. त्यांनी बोलावलं, तर त्या रात्रीची गाडी पकडून येईन. हे त्यांना वाचून दाखवलंत तरी चालेल.

काकूला नमस्कार.

ओजस


महाड,
८ डिसेंबर २०२४

भिषग्वर्य चि. ओजस,

तुझ्या आज्ञेनुसार रुग्णाला धोंडूच्या गॅरेजात नेले. धोंडूने हात पुसले, परमेश्वराचे नाव घेतले आणि पुढचे झाकण उघडले. बराच वेळ आत पाहून तो गंभीरपणे म्हणाला, "मास्तर, इंजिन चोरीला गेलंय. हितं नुसती स्टेपनी हाय." इंजिन पृष्ठभागी असते हे पटवण्यात पूर्वाह्ण गेला. अपराह्णी दोन्ही कार्बोरेटर स्वच्छ झाले, टायर फुगले, चोक निर्दोष ठरला. फलश्रुती: सात.

आता मला एक व्याकरणविषयक शंका विचारायची आहे. ती तुझ्या पत्रातील 'एवढंच म्हटलं होतं' या शब्दांशी निगडित आहे.

त्या गणपतीत तू पडवीत बसून मैथिलीला काहीतरी सांगत होतास. दादांनी त्याच आठवड्यात काळा कोट कपाटात टांगून न्यायालयाला अखेरचा नमस्कार केला होता आणि ते दाराआड सुपारी कातरत होते. त्यांच्या कानी जे पडले, ते त्यांनी मला तब्बल एक वर्षानंतर, या दसऱ्यानंतर सांगितले. ते असे: "म्हातारं झालंय आता. नुसतं खातंय, देत काहीच नाही. कशाला ठेवायचं?"

वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. न्यून एकच, त्यात कर्ता नाही. आणि आपल्या मायबोलीची लीला अशी की, इंजिन नपुंसकलिंगी आणि घरातले म्हातारे माणूसही नपुंसकलिंगी. तेव्हा वैयाकरणाला कळव, कर्ता कोण होता? उत्तराची प्रतीक्षा मला आहेच. परंतु केवळ मलाच आहे असे समजू नकोस. हा परिच्छेद वाचून दाखवताना दादांनी डोळे मिटून घेतले, पण हरकत नोंदवली नाही.

आणखी एक क्षुल्लक माहिती. शाळेत निघण्यापूर्वी आणि परतल्यावर मी गाडी दादांच्या खिडकीखाली उभी करून इंजिन चालू ठेवतो. दादा आतून ऐकतात, डोळे मिटून, मैफलीतला दर्दी ऐकतो तसे. मी बंद करायला गेलो की उजवा हात वर करतात. म्हणजे 'अजून'. मी पुन्हा बसून राहतो. माझा चहा निवतो, परंतु रसिकापुढे इलाज नाही.

तुझी काकू म्हणते, पोराला एकदा तरी मराठीत लिहा. मी तिला विचारले, मग हे काय कानडी आहे?

शरच्चंद्रकाका


कोइमतूर,
२० डिसेंबर २०२४

ती. काका,

कर्ता इंजिन. इंजिन, इंजिन, इंजिन.

तुमचं पत्र मी ऑफिसात उघडलं आणि दुपारभर काम सुचलं नाही. बाबांना असं वाटलंच कसं? मी माझ्या बापाला 'खातंय' म्हणेन? मैथिलीला विचारा, आमच्यासमोर गाडीच्या पेट्रोलच्या पावत्या पडल्या होत्या. मला राग आला आहे हे त्यांना सांगा. वर्षभर एका वाक्यावर उपाशी राहण्यापेक्षा बाहेर येऊन एकदा विचारायचं होतं, "कोणाबद्दल बोलतोस रे?" तीस वर्षं कोर्टात उलटतपासणी घेतली आणि घरात एक प्रश्न विचारता आला नाही.

आणि तुमची 'क्षुल्लक माहिती' क्षुल्लक नाही. चोर सापडला. मी इथे कार्बोरेटरचे जेट आणि फ्लोट घेऊन बसलोय आणि तुम्ही रोज दोन वेळा उभ्या गाडीचं इंजिन चालवताय! चाक फिरत नाही, पेट्रोल मात्र जळतं. किलोमीटर शून्य, लिटर चालू. तुमचे दोन किलोमीटर तिथे त्या खिडकीखाली जातात.

बाबांची सवय मला माहीत आहे, ते कानाने टायमिंग तपासतात. तुमच्या हातावर विश्वास नाही, म्हणून रोज परीक्षा घेतात. पण हवेवर थंड होणारं इंजिन उभ्याने तापतं. आतल्या कोपऱ्यातल्या सिलिंडरला वारा पोचत नाही. असं चालवत राहिलात तर एक दिवस ते कायमचं बसेल. तेव्हा बंद करा. सुरू केलं की लगेच निघा, पोचलं की लगेच किल्ली फिरवा. हे त्यांना माझ्या नावाने सांगा.

ओजस


महाड,
६ जानेवारी २०२५

चि. ओजस,

तुझे पत्र दादांना वाचून दाखवले. 'कर्ता इंजिन' येथे मला थांबवण्यात आले. पुन्हा वाचायला लावले. मग पुन्हा. तिसऱ्या वेळी दादा हसले. मुखमंडलाच्या ज्या भागावर हास्य प्रकटणे शक्य होते त्या भागावर ते प्रकटले, एवढेच शपथेच्या मर्यादेत सांगता येते. तुझ्या रागाचा परिच्छेदही त्यांनी ऐकला. 'एक प्रश्न विचारता आला नाही' येथे मान हलवली, म्हणजे आरोप मान्य.

पुढे इंजिनाचे प्रकरण आले. मी ते गाळणार होतो. परंतु मी कागदावर काही गाळतो आहे हे ओळखण्याची त्यांची विद्या शाबूत आहे. वाचले. उभ्याने तापते, वारा पोचत नाही, एक दिवस कायमचे बसेल. दादांनी खिडकीकडे पाहिले आणि निकाल दिला, "बंद."

मी म्हणालो, दादा, थोडा वेळ चालवायला काय हरकत आहे, पोराला इतक्या दुरून काय कळते? तर म्हणाले, "ओजस सांगतो. बंद." त्यांना हल्ली मोजके बोलणे आवडते, पण तुझे नाव त्यांनी पूर्ण उच्चारले. काकू स्वयंपाकघरातून बाहेर आली ते नाव ऐकून.

म्हणून त्या दिवसापासून इंजिन दारात उभे राहत नाही. मी किल्ली फिरवतो आणि निघतो. वळणापर्यंत दादांना आवाज ऐकू जात असावा. परिणाम: आठ. पांडूने अभिनंदन केले.

मी दादांना विचारले, आता ओजसला बोलावू? त्यावर जे झाले ते जसेच्या तसे लिहितो. त्यांनी उजव्या हाताची चार बोटे दाखवली, मग पाच. मी म्हणालो, नऊ? मान हलली. गाडी नऊ देऊ लागली की तुला बोलवायचे. 'देत काहीच नाही' असे तू जिच्याविषयी बोललास, ती देते हे दाखवल्यावाचून त्यांना तुझ्यापुढे यायचे नाही. आता कर्ता इंजिन आहे हे ठाऊक असूनही. वकील निकाल मान्य करतात आणि अपील ठेवतात.

तेव्हा तुझ्या आगमनाचा मुहूर्त पंचांगात नसून पेट्रोलच्या टाकीत आहे. एक किलोमीटर उरला आहे. लवकर उपाय सांग. डावी बाजू अद्याप ओढत नाही आणि उजवीवरचा भार वाढतो आहे.

शरच्चंद्रकाका


कोइमतूर,
१८ जानेवारी २०२५

ती. काका,

बाबांनी बोलावलं! अट घालून का होईना. मैथिलीला तुमचं पत्र वाचून दाखवलं, ती म्हणाली, "तुम्ही सगळे वेडे आहात, उद्याच जाऊन या." पण मला बाबांचा हा खेळ आवडलाय. त्यांनी आव्हान दिलंय. नऊ करूनच येतो.

सोबतच्या डबीत जेट पाठवतोय, दोन्ही बाजूंना बसवा. उताराला गाडी गिअरमध्येच ठेवा. मला वाटतं मे महिन्यापर्यंत नऊ सहज होतील. तेव्हा सुट्टी काढतो, आम्ही दोघंही येतो. बाबांना घेऊन आंबेनळी घाट चढायचा. बाकीच्या गाड्या बॉनेट उघडून पाणी पीत उभ्या असतील आणि आम्ही हात हलवत वर जाऊ, लहानपणी जायचो तसे.

त्यांना सांगा, मे.

ओजस


पोलादपूर,
२५ फेब्रुवारी २०२५

चि. ओजस,

तुझे जेट बसवले. साडेआठ. आता अर्ध्या किलोमीटरसाठी हा काका वृद्ध शिक्षक न राहता योगी झाला आहे. श्वास रोखून ॲक्सिलरेटर दाबतो. मागून येणारे ट्रकचालक मला माझ्या कुलवृत्तांतातील काही अज्ञात माहिती ऐकवून पुढे जातात.

परंतु रुग्णाचे लक्षण ठीक नाही. डावी बाजू पूर्ण निश्चेष्ट. दिवसाचा बहुतेक भाग निद्रा. आहार नाममात्र, कालपासून रुग्ण पाणीही घेईना. माझ्या मते चिकित्सकाने दुरून औषधे न धाडता रुग्णाला प्रत्यक्ष पाहावे. मे महिना दूर आहे. मुहूर्ताची वाट न पाहता ये. नऊ होवोत न होवोत.

शरच्चंद्रकाका


कोइमतूर,
७ मार्च २०२५

ती. काका,

तुमच्या पत्रावर सगळा विभाग हसला. हवेवर थंड होणारी गाडी पाणी घेत नाही, हीच तर तिची ख्याती! तुम्ही रेडिएटर शोधत नाही आहात ना? धोंडूला त्याच्यापासून लांब ठेवा.

डावी बाजू पूर्ण मेली म्हणता आणि साडेआठही देते म्हणता. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. तुम्ही थोडी अतिशयोक्ती करताय, मला लवकर बोलवायला. कळतंय मला, आणि आवडलंही. पण इथे ३१ मार्चपर्यंत ऑडिट आहे, मान वर करायला वेळ नाही. ते झालं की मेची वाट बघत नाही, लगेच येतो. तेवढं अर्धं मीच येऊन करतो.

बाबांना सांगू नका, अचानक येईन. या वेळी "तुला कोणी बोलावलं" म्हणाले तर पाया पडून सांगेन, गाडीने.

ओजस


महाड,
९ एप्रिल २०२५

चि. ओजस,

हे पत्र कोणाला वाचून दाखवायचे नाही.

तू १९ मार्चला निघालास आणि २० तारखेला दुपारी माणगावला उतरलास. घरी तुझी वाट पाहत सगळे थांबले होते. तुला आणायला मी तीच गाडी घेऊन आलो. वाटेत तू काही बोलला नाहीस. मला वाटले, रडत असशील. तू ऐकत होतास. दासगाव आल्यावर म्हणालास, "डावी बाजू तर छान ओढतेय, काका." मग तू माझ्याकडे पाहिलेस. मी समोर रस्त्याकडे पाहत राहिलो. महाडात चवदार तळ्याला आलेल्या लोकांची गर्दी होती. गाडी आणि आपले चेहरे पाहून लोक बाजूला झाले, त्यांनी वाट दिली. त्यांच्यातल्या एकाने आपली निळी टोपी काढून हातात धरली. तू ते पाहिलेस की नाही, मला माहीत नाही.

३१ मार्चला तेरावा झाला. निघताना तू विचारलेस, "काका, सरळ का नाही लिहिलंत?" मी म्हणालो, शपथ होती. ते अर्धे खरे होते. उरलेले अर्धे आता लिहितो.

दसऱ्याला गाडीला हार घालताना दादांची डावी बाजू गेली.

एवढे एक वाक्य होते. ते मी नोव्हेंबरात लिहायला हवे होते. पहिली पत्रे दादा ऐकत होते, हे खरे. पण फेब्रुवारीचे पत्र त्यांनी ऐकले नाही. ते दिवसभर झोपून असत, पुढे सलाइनवरच तगले. मी ते पोलादपूरला शाळेत बसून लिहिले. समोर कोरा कागद होता आणि पहारा कोणाचाही नव्हता. दादा पाणी पीत नाहीत, ये, असे लिहिता आले असते. मी लिहिले, रुग्ण पाणीही घेईना. लिहून झाल्यावर मी ते वाक्य पुन्हा वाचले आणि ओजस, मला ते आवडले. गाडीला लागू आणि दादांनाही लागू. श्लेष साधला म्हणून मला बरे वाटले. माझा भाऊ घरी तसा पडलेला होता आणि मला श्लेष साधल्याचे बरे वाटले. तुझी काकू पहिल्यापासून सांगत होती, पोराला मराठीत लिहा. मी तिच्यावरही विनोद केला आणि तोही तुला लिहून कळवला.

तुझ्या विभागातले लोक हसले, यात त्यांचा दोष नाही. मी हसण्यासाठीच लिहिले होते.

नवाचेही तसेच. दादांनी अट घातली तेव्हा आठ झाले होते. मी दुसऱ्या दिवशी येऊन नऊ म्हणालो असतो, तर तू जानेवारीत आला असतास. तेव्हा ते बसू शकत होते. पण आकडा खोटा सांगायचा नाही, अशी माझी शिस्त. शब्दांना वाटेल तसे वाकवतो आणि आकडा मात्र सरळ ठेवतो, असा माणूस मी. त्या अर्ध्या किलोमीटरसाठी मी तुम्हा दोघांना थांबवून ठेवले.

१९ तारखेला संध्याकाळी शाळेतून आलो. दुसऱ्या दिवसाच्या गर्दीने रस्ता आधीच भरला होता, गाडी पावलापावलाने आली. दादांनी डोळे उघडले. ते रोज विचारत तसे बोट हलवले. किती? मी म्हणालो, "दादा, नऊ."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले. खोटे साक्षीदार ओळखण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांना मी काय फसवणार? पण उलटतपासणी झाली नाही. खिडकीकडे पाहून ते म्हणाले, "देते की."

मी म्हणालो, आता ओजसला बोलावतो. त्यांनी मान हलवली. मी तुला फोन लावायला पडवीत गेलो. तुला आठवत असेल, मी फोनवर 'ये' म्हणालो, तू विचारलेस, 'नऊ झाले?' आणि मी उत्तर देण्याआधी काकू आतून बाहेर आली.

'देते की' याचा कर्ता कोण, ते मला माहीत नाही. मी वैयाकरण आहे म्हणून मला ते माहीत असायला हवे, असे वाटू देऊ नकोस.

आणखी एक. तुझ्या पत्रानंतर त्यांनी आवाज पुन्हा मागितला नाही. मी सकाळी निघताना ते मान वळवून ऐकत. किल्ली फिरवल्यापासून वळणापर्यंत जेवढे ऐकू जाई तेवढेच. मी एखाद्या दिवशी विसरल्याचे सोंग करून गाडी उभी ठेवायला हवी होती.

शाळा अजून सुरू आहे. गाडी रोज नेतो. ती आता खरोखर नऊ देते. घरी पोचायची घाई आता उरली नाही.

काका


कोइमतूर,
२० एप्रिल २०२५

ती. काका,

या वेळी शब्दकोश लागला नाही.

तुम्ही लिहिलंत त्यातलं बरंचसं मला माझ्याबद्दल लिहायचं होतं. 'शब्द, क्षमा कर, स्फोट' हे पहिल्याच पत्रात होतं. बाबा उजवाच हात वर करतात, हेही होतं. मी सगळी पत्रं काढून पुन्हा वाचली. मैथिलीने पहिलं वाचून विचारलं होतं, "हे नक्की गाडीबद्दल आहे ना?" मी म्हटलं, काका असंच लिहितात. तुम्ही एका बाजूने लपवलंत आणि मी दुसऱ्या बाजूने बघितलं नाही.

एक तुम्हाला सांगायचं राहिलं. उभ्याने इंजिन कायमचं बसेल असं मी लिहिलं होतं, ते तितकंसं खरं नाही. हिवाळ्याच्या सकाळी, मागचं झाकण थोडं उघडं ठेवून, काही झालं नसतं. मला माझा आकडा सिद्ध करायचा होता, म्हणून जरा घाबरवून लिहिलं. ते त्यांनी ऐकलं. माझं म्हणून ऐकलं.

मेमध्ये आम्ही येतोय, म्हटल्याप्रमाणे. तोवर एक करा. शाळेत जाण्याआधी आणि आल्यावर गाडी बाबांच्या खिडकीखाली उभी करा आणि इंजिन चालू ठेवा. पूर्वी ठेवायचात तेवढा वेळ. तुमचा चहा निवला तरी चालेल.

आणि किती देते ते कळवा.

ओजस


महाड,
४ मे २०२५

चि. ओजस,

सात.

काका